फिजिओथेरपी कॉलेजच्या ब्रोशरमधले 'माइलस्टोन' कितपत धरायचे?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे होता. मुलगी यंदा नीटला बसली, एमबीबीएसचा स्कोअर नाही आणि बीडीएस तिला करायचंच नाहीये. तिला फिजिओ करायचंय, आम्ही ढकललेलं नाही हे आधीच सांगतो नाहीतर इथे लगेच चालू होतात. माझ्या आईला पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा घरी फिजिओ मॅडम यायच्या, त्यांच्या मागे मागे ही फिरायची, तेव्हापासून डोक्यात बसलंय.

आता प्रश्न असा की सोलापूर, सांगली, पुणे अशा तीन-चार ठिकाणची ब्रोशरं घरात पडलीयत आणि सगळ्यांत एक पान 'आमची वाटचाल' म्हणून आहे. अमुक साली स्थापना, अमुक साली पहिली बॅच बाहेर, मग एमपीटीएचला म्हणजे पीजीला मान्यता, मग नवीन मशीन आलं, विद्यापीठात मुलगी पहिली आली, वारीत शिबिर, कुठल्यातरी हॉस्पिटलशी एमओयू, आठ सप्टेंबरला फिजिओ दिनाची रॅली. कॉलेजचं नाव झाकलं तर कुठलं पान कुणाचं ते कॉलेजवाल्यांना पण ओळखता येणार नाही असं वाटायला लागलंय. यातलं खरंच काय बघायचं असतं आणि काय नुसतं फोटोपुरतं? नावं कुणी टाकू नका, भांडणं होतात.

अजून एक, आमचे शेजारी म्हणतात सोलापूर विद्यापीठाची डिग्री मिळते का बघा. ते कसं असतं?

कडक_भाकरी

ओ काका, शेजाऱ्यांना म्हणावं आपलं अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ बीए बीकॉम बीएस्सीवाल्यांना. मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओ हे सगळं नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडं, 1998 पासून. आपल्या वैशंपायन मेडिकलचं पण तसंच हाय की, कॉलेज सिव्हिलला लागून आणि परीक्षा नाशिकची. कराड, लोणी, पुण्याची काही कॉलेजं अभिमत विद्यापीठात येतात, त्यांची परीक्षा त्यांचीच, फी पण त्यांचीच 😀 बाकीचं जाणकार सांगतील, मी मेकॅनिकलवाला.

फिजिओताई_होटगीरोड

दादा, मी याच लाइनमधली, नाशिकच्याच विद्यापीठातून बीपीटीएच म्हणजे फिजिओची डिग्री आणि एमपीटीएच, आता स्वतःचं क्लिनिक आणि आठवड्यातून काही दिवस एका कॉलेजला शिकवायला जाते, त्यामुळे ब्रोशर कसं बनतं ते आतून बघितलंय. सुट्टीच्या दिवशी निवांत लिहितेय, लांबेल.

रँकवर जाऊ नका. विद्यापीठात पहिली आलेली मुलगी कुठल्याही कॉलेजात पहिलीच आली असती, तिच्या फोटोवरून बाकीच्या बॅचचं काय झालं ते कळत नाही. विचारायचं असेल तर असं विचारा की मागच्या बॅचला किती ॲडमिशन होत्या आणि त्यातल्या किती जणी वेळेत इंटर्नशिपला लागल्या. फर्स्ट इयरला ॲनाटॉमी फिजिऑलॉजीमध्ये भरपूर मुलं अडकतात, सगळीकडेच. त्यांना वर काढायला कॉलेज काय करतं यावर ऑफिसमध्ये सरळ उत्तर आलं तर चांगलं लक्षण, 'आमचा रिझल्ट उत्तमच असतो' असं आलं तर चहा पिऊन परत या.

मशीन. आयएफटी, टेन्स, अल्ट्रासाउंड, वॅक्स बाथ ही दुखण्यावरची करंटची-शेकाची साधनं सगळ्यांकडे असतातच, त्याशिवाय मान्यता मिळत नाही. ब्रोशरमध्ये जे महागडं मशीन असतं त्यावर बऱ्याचदा कापड झाकलेलं असतं आणि चावी एचओडींच्या कपाटात. फिजिओ मशीनवर शिकत नाही हो कोणी, हातानं शिकतात. स्नायूची ताकद शून्य ते पाच ग्रेडमध्ये मोजायची असते, आता पुस्तकात ते अर्ध्या पानात संपतं, पण तीन आणि तीन प्लसमधला फरक कळायला शेकडो पेशंटचे हात-पाय धरावे लागतात.

एमपीटीएच सुरू झालं ही मात्र मी खरी पायरी धरते. त्यासाठी गाइड म्हणून अनुभवी टीचर टिकवावे लागतात, आणि पीजीची मुलं ओपीडीत असली की ज्युनिअरना चोवीस तास विचारायला कोणीतरी असतं. मी क्लिनिकल जेवढं शिकले त्यातलं निम्मं सिनिअर दीदींकडून. फक्त किती विषयांत आहे ते बघा, ऑर्थो, न्यूरो, कार्डिओ-रेस्पिरेटरी, कम्युनिटी वगैरे वेगवेगळे असतात, एकाच विषयाच्या दोन सीटवर 'पोस्ट ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट' लिहिणारे पण आहेत.

एमओयूची पानं उलटा सरळ. त्याऐवजी हे विचारा की हॉस्पिटल कॉलेजचं स्वतःचं आहे की करार केलेलं, आणि करार असेल तर मुलांना तिथे पेशंटला हात लावू देतात का. मोठ्या खाजगी हॉस्पिटलात पोस्टिंग म्हणजे बऱ्याचदा भिंतीला टेकून बघणं असतं. आयसीयूत जाऊन व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची छाती मोकळी करायला शिकली की नाही, बायपासनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंटला चालवायला शिकली की नाही, हे महत्त्वाचं. बाहेरच्या लोकांना फिजिओ म्हणजे कंबर-मान-गुडघा एवढंच वाटतं म्हणून हे कोणी विचारतच नाही.

आणि सगळ्यात सोपी परीक्षा सांगते. कुठल्याही साध्या वारी, म्हणजे सोमवार-मंगळवार, सकाळी साडेदहाला न सांगता ओपीडीत जाऊन बसा. आईचे जुने पेपर घेऊन जा, पेशंटचे नातेवाईक म्हणूनच जा. बाकावर माणसं आहेत का? बेडवर पेशंट आहेत की मुलं मोबाइल घेऊन बसलीयत? इन्स्पेक्शनच्या दिवशी सगळीकडे जत्रा असते, टीचर पण त्या दिवसापुरते परगावाहून येतात आणि पेशंट पण 'येतात', त्यावर मी जास्त बोलत नाही. चांगली ओपीडी कशी दिसते सांगू का, पॅरलल बारमध्ये, म्हणजे धरून चालायच्या दोन दांड्यांमध्ये, पॅरालिसिसचा पेशंट उभा असतो, थर्ड किंवा फायनल इयरची एखादी मुलगी त्याच्या समोर स्टुलावर, त्याच्या लुळ्या पायाचा गुडघा तिनं स्वतःच्या गुडघ्यानं अडवून धरलेला, एक हात त्याच्या कंबरेच्या पट्ट्यात, आणि त्याचं वजन हळूहळू त्या पायावर घेत असते, घामाघूम दोघंही, आणि सर लांब उभे राहून तिसऱ्याच कोणाशी बोलता बोलता मध्येच ओरडतात, 'गुडघा नको बघू, हिप बघ, हिप मागं चाललंय'. असं दिसलं तर ब्रोशर रद्दीत घाला आणि फॉर्म भरा.

फीबद्दल, खाजगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, त्यांच्या साइटवर कॉलेजवार असते, ती बघून मगच ऑफिसात बोला. मुलगी ओबीसी, ईडब्ल्यूएस किंवा एसईबीसीत बसत असेल आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर जुलै 2024 च्या जीआरनं ट्यूशन आणि परीक्षा फी माफ आहे, पण कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, ॲडमिशन पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यात ते विसरा, अभिमतमध्ये पण नाही.

नवीपेठ_नागेश

सगळं ठीक पण करून पुढे काय? आमच्या गल्लीत तीन फिजिओ आहेत, तिघांचे बोर्ड मोठे आणि बाक रिकामे. सुरुवातीचा पगार विचारा आधी. आणि ते फिजिओंनी नावाआधी डॉक्टर लावायचं का नाही त्याचं पण घोंगडं भिजत पडलंय.

फिजिओताई_होटगीरोड

@नागेश, पगाराबद्दल बरोबर बोललात, सुरुवातीला कमीच असतो, सोलापुरात तर अजून कमी, लपवण्यात अर्थ नाही. घरी जाऊन ट्रीटमेंट देणाऱ्यांचं बरं चालतं आणि त्याला पायात बळ आणि टू व्हीलर लागते.

डॉक्टरचं म्हणाल तर सप्टेंबर 2025 मध्ये दिल्लीच्या आरोग्य महासंचालनालयानं पत्र काढलं की फिजिओंनी डॉ. लावू नये आणि लगेच दुसऱ्या दिवशी मागे घेतलं. त्यावर इथे वाद नको, धागा दादांचा आहे. त्यापेक्षा कामाचं हे की 2021 च्या केंद्राच्या कायद्यानं अलाइड हेल्थचा, म्हणजे फिजिओसारख्या डॉक्टरांच्या जोडीच्या सेवांचा, राष्ट्रीय आयोग आला आणि त्यांच्या नव्या अभ्यासक्रमात कोर्स पाच वर्षांचा झालाय, वर्षभराच्या इंटर्नशिपसकट. आमच्या वेळी साडेचार होता, चार अधिक सहा महिने. तर तुमच्या मुलीच्या बॅचला कुठला अभ्यासक्रम लागू आहे आणि इंटर्नशिपला स्टायपेंड देतात का, हे लेखी विचारून ठेवा.

परळहून_पंढरपूर

चांगला धागा. माझी नोकरी परळला केईएममध्ये गेली, फिजिओ नाही मी, रेकॉर्ड सेक्शनला होतो, पण त्या बिल्डिंगीत रोज जाणं-येणं. माइलस्टोन हा शब्द निघालाच आहे तर थोडं जुनं सांगतो.

आपल्या देशात फिजिओचं शिक्षण सुरू झालं तेच मुळी तिथे, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला, मुंबई महापालिका, केंद्र सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना तिघांनी मिळून. कारण पोलिओ. मुंबईत पोलिओची साथ येऊन गेलेली, पोरं वाचली पण पाय गेले, आणि त्यांना उभं करायला शिकलेली माणसंच नव्हती. त्याच्या थोडं आधी, 1950 ला, तिथेच कमलाबाई निंबकरांनी ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे पेशंटला रोजची कामं परत करायला शिकवायची, शाळा काढली होती, आशियातली पहिली मानतात. बाई जन्मानं अमेरिकन, लग्न करून इकडच्या झाल्या, फलटणचे शेतीसंशोधनवाले निंबकर त्यांचे चिरंजीव, हे आपल्याकडच्या कित्येकांना माहीत नसतं. मग 1955 ला हाजीअलीची केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था आली, त्याच वर्षी फिजिओंची देशपातळीवरची संघटना.

आता गंमत बघा, ज्या रोगासाठी हे सगळं उभं राहिलं त्याचा भारतातला शेवटचा पेशंट जानेवारी 2011 मध्ये बंगालमध्ये सापडला आणि 2014 ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण फिजिओचे विभाग काही ओस पडले नाहीत, पोलिओच्या जागी पॅरालिसिस, ॲक्सिडेंट, सांधे बदललेले, कोविडच्या वेळी तर ऑक्सिजनवरच्या लोकांना श्वास घ्यायला शिकवत होती ही मुलं. सांगायचा मुद्दा, कॉलेजच्या वाटचालीत पेशंट कसे बदलत गेले आणि कॉलेजनं त्यासाठी काय नवीन सुरू केलं हे लिहिलंय का ते बघा. बिल्डिंगचं भूमिपूजन कुणाच्या हस्ते झालं ते वाचून काय करायचंय.

सरकारी-महापालिकेच्या सीट कमी आहेत पण आहेत, मुंबईत केईएम, नायर, सायन आणि नागपूरला मेडिकल. स्कोअर बसत असेल तर प्रेफरन्स लिस्टमध्ये त्या वर टाका. पेशंटचा तोटा नाही तिथे, उलट पोरी रडकुंडीला येतात गर्दीनं.

बार्शीचा_परदेशात

मी फिजिओ नाही पण बायको आहे, पुण्यातून बीपीटीएच करून इथे अमेरिकेत लायसन्स काढलंय, तिला विचारून लिहितोय.

इकडे हा प्रश्न कॉलेजवर सोडतच नाहीत. प्रत्येक फिजिओथेरपी प्रोग्रामला मान्यता देणारी केप्टी नावाची संस्था आहे, तिचा नियमच आहे की आकडे स्वतःच्या वेबसाइटवर टाकायचे. किती जण कोर्स पूर्ण करतात, लायसन्सच्या परीक्षेत किती पास होतात, किती जणांना नोकरी लागली. तेही दोन वर्षांची सरासरी काढून, म्हणजे एका चांगल्या बॅचवर भागत नाही. कोर्स पूर्ण करणारे किमान 80 टक्के, लायसन्सला शेवटी पास होणारे 85 टक्के पाहिजेत, नाहीतर मान्यतेला धक्का. इथल्या युनिव्हर्सिट्या पण आपल्या पन्नास-शंभर वर्षांच्या इतिहासाची सजवलेली पानं टाकतात, जुने काळे-पांढरे फोटो, पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना व्यायाम देणाऱ्या बायका, 1921 ला त्यांनी काढलेली संघटना, नव्वदच्या दशकात डीपीटी म्हणजे डॉक्टरेटची डिग्री आली वगैरे. वाचायला छान असतं. त्या संघटनेची पहिली अध्यक्ष मेरी मॅकमिलन पुढे चीनमध्ये जाऊन शिकवत होती, आणि थोडं पुढेमागे आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस पण तिकडेच, हे वाचून मला उगाच आपल्या गावचं कोणी भेटल्यासारखं वाटलं. पण ॲडमिशन घेणारी पोरं आधी ते आकड्यांचं पान उघडतात.

आपल्याकडे तशी सक्ती नाही म्हणून तुम्हीच मागा. मागच्या दोन-तीन बॅचच्या दहा मुलींची नुसती नावं आणि त्या सध्या काय करतात एवढं सांगा म्हणावं. लिंक्डइन आणि इन्स्टावर सापडतातच, मेसेज केला की बहुतेक मोकळेपणानं बोलतात.

पुढे बाहेर जायचा विचार असेल तर बायको म्हणते पहिल्या वर्षापासून सिलॅबस, तासांचा हिशोब, क्लिनिकल पोस्टिंगचे सर्टिफिकेट सगळं जपून ठेवायला सांगा. इथे डिग्रीचं मूल्यमापन होतं, विषयवार तास मोजतात, आणि तेव्हा कॉलेजच्या ऑफिसात फोन उचलायला कोणी नसतं. हिचं त्या एका कागदासाठी फार हाल झाले.

पूर्वभाग_श्रीनिवास

शिबिराच्या फोटोंवर मला बोलायचंय. आमच्या भागात शिबिरं भरपूर येतात, अशोक चौकापासून कुंभारीच्या विडी घरकुलापर्यंत. बॅनर, गुलाबाचं फूल, बीपी, एक गोळ्यांची पट्टी, ग्रुप फोटो, गेले.

माझी आई विड्या वळते, वय झालंय तरी सुटत नाही, हजार विड्यांचा हिशोब डोक्यात फिट्ट बसलेला. मान आणि उजव्या हाताचा अंगठा कायम दुखणार. एका शिबिरात इंटर्न पोरी आलेल्या, त्यातल्या एकीनं आईला टेबलावर झोपवलं नाही, म्हणाली आजी तुम्ही घरी कशा बसता ते दाखवा. आई बसली मांडी घालून, मांडीवर सूप, त्यात पान न तंबाखू, मान पार खाली. पोरीनं सुपाखाली एक उशी सरकवली, पाठीला भिंत दिली, कातर बघितली आणि विचारलं पानं कापायचं काम एका दमात करता का मध्ये मध्ये. मग सांगितलं थोडी पानं कापा, थोड्या वळा, आलटून पालटून, आणि प्रत्येक बंडल बांधून झालं की मान वर करून खांदे फिरवायचे. आईला मराठी समजतं पण दुखणं तेलुगूतच सांगता येतं, ही पोरगी आमच्यातलीच असल्यामुळं सगळं नीट कळलं. आणि मेन म्हणजे पुढच्या महिन्यात परत आली, उशी आहे का बघायला. उशी होती 😄

दुखणं पूर्ण गेलं असं नाही, काम चालूच आहे तर जाणार कसं, पण रात्रीचं कण्हणं कमी झालं. तर काका, शिबिराचा फोटो दाखवला की एवढंच विचारा, त्याच वस्तीत परत कधी गेला होता. वारीचं पण तेच, पालखीच्या वाटेवर पाय चेपून फोटो सगळेच काढतात, पाय चेपायला शिकायला पाच वर्षं कशाला घालायची.

फिजिओताई_होटगीरोड

@श्रीनिवास, त्या पोरीला विद्यापीठाचं गोल्ड मेडल माझ्याकडून! हे कम्युनिटी फिजिओमध्ये शिकवतो आम्ही पण वहीत राहतं बहुतेकांच्या. यंत्रमागावर उभं राहणाऱ्यांचं पण असंच, दिवसभर त्या फरशीवर, पोटऱ्या आणि कंबर. सोलापुरातल्या कॉलेजला हा पेशंट दारात मिळतो, पुण्यातल्या पोरींना नाही मिळत, हे पण दादांनी विचारात घ्यावं. आणि इथे शिकणाऱ्या मुलीला थोडं तेलुगू, थोडं कन्नड आलं तर सोन्याहून पिवळं.

जुळे_सोलापूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. मुलीला सगळा धागा वाचायला दिला, ती म्हणतेय सोमवारी ओपीडीत तीच जाणार, मी नको म्हणून, मी गेलो की प्रश्न मीच विचारतो म्हणे. आज्जीची फाइल काढून ठेवलीय. सरकारी सीट यादीत वर टाकतो, त्याखाली इथलं एक आणि सांगलीचं एक, अभिमत आमच्या आवाक्यात नाही.

ताई, एक राहिलं. आम्ही ओबीसी, उत्पन्न आठच्या आत. फी माफीला उत्पन्नाचा दाखला पुरतो का नॉन क्रीमी लेयर पण लागेल?

फिजिओताई_होटगीरोड

दोन्ही काढून ठेवा दादा, शिवाय जात पडताळणी झाली नसेल तर तो अर्ज आजच टाका, सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. मागच्या वर्षी आमच्याकडची एक चांगली मुलगी त्या एका कागदापायी ओपनच्या फीत अडकली. सेतूत सकाळी लवकर जा, दुपारनंतर सर्व्हर बसतो.